दिवा फाउस्टिना

या चांदीच्या नाण्यावरचा चेहरा नीट पाहा. वेण्या घालून डोक्यावर अंबाडा बांधलेली ही फाउस्टिना, रोमचा सम्राट अँटोनिनस पायस याची पत्नी. कडेने लॅटिन अक्षरं आहेत : 'दिवा फाउस्टिना'. दिवा म्हणजे देवत्व पावलेली. आपला 'देव' आणि 'दिवंगत'मधला 'दिव्' हे या शब्दाचे फार जुने नातलग.

फाउस्टिना गेली इ.स. १४०च्या सुमारास. सिनेटने तिला देवत्व बहाल केलं आणि टांकसाळीत तिची नाणी पडू लागली. सोन्याची, चांदीची, पितळेची, तांब्याची. अँटोनिनसने पुन्हा लग्न केलं नाही. १६१मध्ये तो स्वतः जाईपर्यंत, तब्बल वीस वर्षं, ती गेलेल्या पत्नीची नाणी निघत राहिली.

आता नाणं उलटं करू या. मागे मोर. सम्राट स्वर्गाला गेला की नाण्यावर देवांचा राजा ज्युपिटर याचा गरुड येई, राणीसाठी त्याची पत्नी ज्यूनो देवीचा मोर. आणि हा मोर मूळचा आपल्याकडचा, भारतीय उपखंडातला!

काही नाण्यांवर तिचं मंदिर आहे. काहींवर 'एटर्निटास', म्हणजे अनंतत्व. पण मला सगळ्यांत जवळची वाटतात ती 'फाउस्टिनाच्या मुलीं'ची नाणी. गरीब घरच्या मुलींच्या पोषणासाठी सम्राटाने तिच्या नावाने निधी ठेवला होता. त्या मुली या नाण्यांवर आहेत.

यात राजकारणही होतं. सीझरला देव ठरवलं गेलं आणि त्याचा दत्तक मुलगा, रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, स्वतःला 'देवाचा पुत्र' म्हणवू लागला. तेव्हापासून बाप देव असणं हा गादीवरचा मोठा हक्क. अँटोनिनस वारल्यावर त्याच्या दत्तक मुलांनी, मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांनी, त्याचीही नाणी पाडली. त्यांवर चिता दिसते : मजल्यावर मजले, फुलांच्या माळा, माथ्यावर रथ. अशा चितेवरून गरुड सोडत, तो आत्म्याला वर नेतो अशी श्रद्धा होती.

नाण्यावरचं ते मंदिर रोममध्ये आजही उभं आहे. पुढचे उंच खांब शाबूत आहेत. खांबांवरच्या दगडात आधी एकच ओळ होती, 'देवी फाउस्टिनेला'. अँटोनिनस गेल्यावर तिच्या वर दुसरी ओळ कोरली गेली :

'देव अँटोनिनसला, आणि'.