दहा आकडे होईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, झटका मोठा आहे का हो?" ताप थर्मामीटर सांगतो. झटका किती मोठा, हे सांगणारं तसं यंत्र नाही. स्कॅनमध्ये मेंदू दिसतो, पण माणसाला काय जमतंय ते खाटेशी उभं राहूनच पाहावं लागतं.

त्यासाठी एनआयएच स्ट्रोक स्केल वापरतात. अमेरिकेत तयार झालेली ही मोजपट्टी 1989 साली प्रसिद्ध झाली. गुण 0 ते 42. इथे जास्त गुण म्हणजे जास्त नुकसान. झोपलेल्या रुग्णाचा हात 45 अंशांवर उचलून धरायला सांगायचा आणि मोठ्याने दहा आकडे मोजायचे. हात तसाच राहिला तर शून्य. हळूहळू खाली आला, पण गादीला टेकला नाही, तर एक. धडपड करूनही टेकला तर दोन. उचललाच जात नाही, नुसता पडतो, तर तीन. काहीच हालचाल नाही, तर चार. पायाला पाचच आकडे.

मग विचारायचं, महिना कोणता? वय किती? पहिलं उत्तर तेच खरं धरायचं. शेजारून मुलगी कुजबुजते, "बाबा, आठवा ना!" तिला गप्प करणं जिवावर येतं, पण मदत केली की आकडा खोटा ठरतो.

आता या मोजपट्टीची खोड सांगतो. 42 पैकी 7 गुण थेट भाषेशी निगडित आहेत. एका बाजूचं भानच हरपणं, याला फक्त 2. त्यामुळे बहुतेकांमध्ये भाषा सांभाळणारा डावा मेंदू दुखावला तर गुण चढतात, उजव्याचं तेवढंच नुकसान कमी दिसतं. मेंदूच्या मागच्या भागातला झटका तर कधी शून्यावरही निसटतो. माणूस गरगरतो, बसवलं तर कलंडतो, आणि कागदावर सगळं ठीक! म्हणून मी रुग्णाला, झेपत असेल तर, आधार देऊन बसवून पाहतोच. आणि शब्दच सुचेनासे झालेल्या शिक्षकाचे गुण दोन आले, तर त्या झटक्याला किरकोळ कोण म्हणेल?

गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून ही तपासणी काही मिनिटांत उरकायची असते. पण ती एकदाच करून भागत नाही. औषध सुरू झालं की पुन्हा खाटेशी जायचं, तोच हात उचलून धरायला सांगायचा. मघाशी चारला टेकलेला हात आता आठपर्यंत तग धरतो, आणि मोजणारी नर्स नऊ म्हणताना नकळत थोडी थांबते.