लहान कॉलेज सोडायचं ठरलं तर

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपत येतं आणि मुलगी घरी सांगते, "मला इथे नाही शिकायचं, मी दुसरीकडे बदली घेते." घरातून पहिलं उत्तर येतं ते धरसोडपणाचं. "एवढं आवडीनं निवडलंस ना? मग आता निभाव." मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवते आणि असं उत्तर ऐकून गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून आज त्यांच्या बाजूनं बोलणार आहे.

लहान कॉलेजची ओढ खोटी नसते. वर्गात मोजकी मुलं, शिक्षकांना प्रत्येकाचं नाव ठाऊक, शंका विचारायला महिनाभर वाट पाहायला नको. लाजऱ्या मुलाला अशा ठिकाणी खरोखर बळ मिळतं. पण विभागात दोनच प्राध्यापक असतात, तेव्हा त्यांतले एक दीर्घ रजेवर गेले की अर्धा विषय थांबतो. माहितीपत्रकात छापलेले वैकल्पिक विषय पुरेशी मुलं नाहीत म्हणून त्या वर्षी सुरूच होत नाहीत, किंवा वर्षाआड शिकवले जातात. ज्या एका विषयासाठी मुलगी तिथे आली, तो शिकवणारे प्राध्यापकच नोकरी सोडून गेले, तर तिनं काय निभावायचं? आणि मैत्रीचं म्हणाल, तर चार जणांच्या गटात एकदा बिनसलं की दुसरा गटच नसतो. रोज तीच तोंडं समोर येतात.

व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकांनी 1975 साली, मुलं शिक्षण मध्येच का सोडतात याची एक मांडणी केली. विद्यार्थी टिकतो तो दोन धाग्यांनी, असं त्यांचं म्हणणं. एक धागा अभ्यासाचा आणि दुसरा माणसांचा. पुढे या मांडणीवर बरीच टीका झाली, तिच्यात भरही पडली. पण निराश मुलाशी बोलताना मला ती आजही उपयोगी पडते, कारण कोणता धागा तुटला आहे ते विचारता येतं. माणसांचा तुटला असेल, तर एक सत्र थांबून पाहावं. नाटकाचा गट, खेळ, वेगळ्या वर्गातली मुलं यांच्यातून पुष्कळदा नवी वाट निघते. मात्र हवा तो विषयच तिथे नसेल, प्रयोगशाळेत ते काम होतच नसेल, तर थांबून काही बदलत नाही. अशा मुलानं जावं आणि वेळेत जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बराक ओबामा 1979 साली लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल या लहान कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षांनी, 1981 मध्ये, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1983 मध्ये तिथून पदवीधर झाले. बदली घेतली म्हणून मोठे झाले, असं मी म्हणत नाही. पण मधेच कॉलेज बदललेल्या मुलाच्या नावावर कायमचा डाग लागतो, ही भीती तरी घरच्यांनी सोडावी.

आता कामाचं बोलू, कारण बहुतेकांचं नुकसान इथे होतं. प्रवेश मिळाला म्हणजे आधीचं सगळं शिक्षण मोजलं जाईलच, असं नाही. नवं कॉलेज तुमचा अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं आणि जुळेल तेवढ्याचेच क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप, देतं. युरोपातल्या कॉलेजांनी यासाठी एक समान माप ठरवलं आहे. तिथे पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास धरतात. पण माप सारखं असलं तरी विषय जुळतो की नाही, ते नवी संस्थाच ठरवते. म्हणून नुसती गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, वाचलेल्या पुस्तकांची नावं, प्रयोगांची वही, सगळं जपून ठेवा. आणि कोणते क्रेडिट धरणार ते जुनी जागा सोडण्याआधी लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनावर वर्ष गमावलेली मुलं आहेत. शेवटच्या वर्षापर्यंत तर थांबूच नका, कारण पदवीसाठी ठरावीक क्रेडिट आमच्याकडेच मिळवले पाहिजेत, असा नियम पुष्कळ संस्थांचा असतो.

नव्या ठिकाणी पहिल्या सत्रात गुण घसरले, तर पालकांनो, "बघ, सांगत होतो ना" असं कृपा करून म्हणू नका. जॉन हिल्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1965 साली या घसरणीला 'ट्रान्सफर शॉक', म्हणजे बदलीचा धक्का, असं नाव दिलं. शिकवण्याची पद्धत नवी, परीक्षेचा ढंग नवा, मैत्रीचे गट आधीच जमलेले, अशा वेळी घसरण होते. पुष्कळांचे गुण पुढच्या सत्रांत सावरतात. त्या काळात मुलीला घरून आधार हवा असतो.

आणि मुलांनो, निघण्याआधी जुन्या कॉलेजातल्या तुमच्या आवडत्या शिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. आपण का जातो आहोत ते त्यांना सरळ सांगा. आम्हाला वाईट वाटतं, हे खरं आहे. पण लहान विभागातल्या शिक्षकाला आपला विद्यार्थी जितका ओळखीचा असतो, तितका तो नव्या ठिकाणी वर्षभर तरी कुणाच्या ओळखीचा होत नाही. शिफारसपत्र आमच्याकडूनच मागा. आम्ही ते मनापासून लिहू.

नमस्कार.