प्रदेशाचा हिशेब आणि माणसाचा स्वभाव
(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी,

'वृत्तपत्रं एकांगी झाली आहेत का?' या विषयावर मी बोलावं, असं अध्यक्षांनी सांगितलं. आपल्याकडे हा वाद रोजचाच. सकाळी कुणी एखादा अग्रलेख पाठवतं. दुपारपर्यंत निम्म्यांना तो सरकारधार्जिणा वाटतो, उरलेल्यांना विरोधकांच्या दावणीला बांधलेला.

मला या वादाची फारशी काळजी वाटत नाही. मराठी वृत्तपत्रं भूमिका घेतच वाढली. आगरकरांचं टिळकांशी पटेना, तेव्हा त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केला तो, मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात, असं पहिल्याच अंकात स्पष्ट सांगून. अत्र्यांचा 'मराठा' १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठीच निघाला. भूमिका उघड असली की वाचकाला तिच्याशी भांडता येतं.

मला सलतो तो दुसरा पक्षपात: प्रदेशावरून माणसाचा स्वभाव ठरवण्याचा. तो डाव्यांच्याही लेखणीतून उतरतो आणि उजव्यांच्याही, म्हणून कुणी त्याची तक्रारही करत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावची. आमच्याकडच्या शेतकरी आत्महत्यांवर विचारपानांत जे येतं, ते वर्षानुवर्षं वाचते आहे. त्यात मोलाचं लेखन पुष्कळ आहे. पण एक सूर हटत नाही: वऱ्हाडी माणूस मुळात सुस्त, लग्नकार्यात उधळणारा, बाजार न कळणारा, पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने बघा कसे साखर कारखाने उभे केले! एका वाक्यात लाखो माणसांचा स्वभाव ठरतो आणि लेख पुढे सरकतो.

बाजार कळत नाही? १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही आणि चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशांची, वाट पाहत बसायचं. ही व्यवस्था जवळपास तीन दशकं चालली. ज्याला कायद्यानेच बाजारात उतरू दिलं नाही, त्याला बाजार कळत नाही असं लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. आणि सुस्तपणाचं म्हणाल, तर आमचा बहुतेक कापूस कोरडवाहू. जूनमध्ये पेरलं आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा कर्ज. पश्चिम महाराष्ट्रात उसाला कालव्याचं पाणी मिळालं ते राज्याने धरणं बांधली म्हणून. कष्ट तिथल्याही शेतकऱ्याने केले, आमच्याही.

हे सगळं सरकारी कागदांवर आहे. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला न्याय्य वाट्याचं आश्वासन दिलं. पुढे राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासायला १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, शिक्षण अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे, ते मोजलं. एकूण अनुशेष, म्हणजे ही तूट भरून काढायला लागणारा खर्च, सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २३ टक्क्यांहून थोडा जास्त. सिंचनाचा अनुशेष सगळ्यांत मोठा.

त्याच अहवालातला उरलेला आकडा आम्हा वैदर्भीयांनीही वाचायला हवा. ३७ टक्के अनुशेष 'उर्वरित महाराष्ट्रा'चा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण वगैरे धरून बाकीच्या राज्याचा होता! नागपूरच्या वर्तमानपत्रांत 'पश्चिम महाराष्ट्राने सगळं पळवलं' असं सर्रास छापून येतं, तेव्हा माण, खटाव, जत, आटपाडीतला टँकरची वाट पाहणारा माणूस लेखकाला दिसतच नाही. कोकणातून मुंबईच्या गिरणीत गेलेलाही दिसत नाही. ही तितकीच वाईट सवय आहे, आणि ती आमच्या घरची आहे.

मराठवाड्याला तर अजून 'निजामी वृत्ती' चिकटवली जाते. त्या निजामाविरुद्ध लढलेले अनंत भालेराव पुढे 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक होते, हे लिहिणाऱ्यांना आठवत नाही.

हे घडतं त्यामागे वृत्तपत्रांची रचनाही आहे, असं मला वाटतं. मोठ्या दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या निघतात. यवतमाळची बातमी यवतमाळच्या पानात राहते, सांगलीची सांगलीच्या. अग्रलेखाचं पान मात्र बहुधा सगळीकडे एकच, आणि ते बरेचदा मुंबई-पुण्यात लिहिलं जातं. म्हणजे पुण्याच्या वाचकाला यवतमाळ भेटतं ते मुख्यतः कुणाच्या तरी मतातून. तिथली बोंडअळी, पीककर्जाचं नूतनीकरण, बंद पडलेली जिनिंग, यांतलं काही त्याने रोज वाचलेलं नसतं. मग मत तपासायचं कशावर? परदेशात आपली अवस्था याहून बिकट. आपल्यापर्यंत पोहोचतात तेही लेखच, बातम्या क्वचित.

म्हणून आज एक मागणी करते. मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा दोन लेख जिल्ह्यांतल्या वार्ताहरांकडून मागवावेत, एक विदर्भातून आणि एक माण-खटावच्या पट्ट्यातून, योग्य मानधन देऊन. विषय त्यांनी ठरवावा. आणि स्नेहसंमेलनाच्या प्रहसनात दरवर्षी येणारा तो आळशी वऱ्हाडी नोकर यंदा काढून टाकावा. संहिता अजून लिहून व्हायची आहे, असं कळलं. विदर्भातलं पात्र हवं असेल तर मी लेखकासोबत बसायला तयार आहे.