दुर्बिणीआधी बाज

(लातूरच्या एका वाचनालयात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'हौशी माणसानं दुर्बीण कशी निवडावी'. येतो त्याच्यावर. आधी बाजेबद्दल बोलू द्या.

माझं दुकान खत-बियाण्यांचं. मे लागला की गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, मृग कधी निघतोय?" मी म्हणतो, 7-8 जूनला, पण तेव्हा आभाळात शोधू नका, सापडायचा नाही. मृग निघाला म्हणजे सूर्य त्या चांदण्यांपाशी आला, मग त्या दिसणार कशा? ते बाण लागलेलं हरिण बघायचं थंडीत, रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाता तेव्हा. मग तो म्हणतो, "हां, तिकांडं, त्या एका ओळीतल्या तीन चांदण्या! आमचा आजा त्याच्यावर टाइम सांगायचा." म्हणजे चांदणी ओळखीची, नावही ओळखीचं, दोघांची गाठच घालून दिलेली नाही.

माझी तरी कुठं होती? लग्नात गुरुजी म्हणाले, अरुंधतीचं दर्शन घ्या. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. त्यांनी मांडवाच्या कापडाकडे बोट केलं, आम्ही दोघांनी कापडाला नमस्कार केला. (हशा) खरी अरुंधती भेटली अकरा वर्षांनी, गावाकडं माळवदावर, बाजेवर उताणं पडल्यावर. सप्तर्षी म्हणजे आजीच्या भाषेत म्हातारीची बाज: चार खूर, अन् ती पळवायला आलेले तीन चोर. मधला चोर वसिष्ठ. त्याला चिकटून बारकी चांदणी, ती अरुंधती. मी बायकोला उठवलं. तिनं निरखून बघितलं अन् म्हणाली, "म्हणजे लग्न आज लागलं म्हणायचं."

आता रडगाणं. आमच्या चौकात हायमास्ट बसला. उजेडाला माझा विरोध नाही, खाली पाडा की! निम्मा उजेड वर जातो, तिथं कोण चालतंय? अर्ज दिला, दिव्याला वरून टोपी बसवा. चार महिने हेलपाटे. शेवटी माणसं आली, मी चहा पाजला. त्यांनी जुने दिवे काढून दुप्पट उजेडाचे बसवले. वर म्हणतात, "तक्रारीची दखल घेतली, काका." तेव्हापासून लाइट गेली की गल्ली शिव्या देते अन् मी जिना चढतो. पण घाई करायची नाही. डोळ्याला अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, मध्ये एकदा मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर दुर्बीण. खोक्यावर 'पाचशे पट' लिहिलेली लहान दुर्बीण घेऊ नका. भिंगाच्या व्यासाच्या, मिलिमीटरमधल्या आकड्याच्या, दुपटीपर्यंतच वर्धन कामाचं. 50 मिलिमीटरला शंभर पट, पुढं नुसता धूसर गोळा. पहिली घ्यायची ती दोन डोळ्यांची, 10 × 50. दहा पट वर्धन, 50 मिलिमीटरचं भिंग. कोपर बाजेच्या कडेला टेकवा, हात थरथरत नाही. गुरू आभाळात असेल तेव्हा त्याचे चार मोठे चंद्र तिच्यातून दिसतात. स्टँडचं राहिलं, ते खाली विचारा.

आणि हो, त्रिशंकू, दक्षिणेकडचा चार चांदण्यांचा क्रूस! त्याचा खालचा तारा दिल्लीत कधी उगवतच नाही, आपल्याकडं या दिवसांत नऊ-साडेनऊला बरोबर दक्षिणेला असतो. हात लांब करून मूठ धरायची, क्षितिजापासून मूठ-दीड मूठ वर. आता नऊ वाजून दहा मिनिटं झालीत. गच्चीची किल्ली कोणाकडं आहे?