काँप्युटरची पेटी आणि उदबत्ती

मंडळी, येताना धुळीच्या दोन डब्या आणल्यात. ही पहिली बेळगावातल्या वडगावची, विणकरांच्या वस्तीतली. मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीतल्या काँप्युटरमधून काढलेली. हिला धूळ कशी म्हणायची? उशीत भरावा असा कापूस आहे. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो ना, त्यावर पंख्याच्या खाली हा बसला होता. चिमटीत धरला तर अख्खा थर एका तुकड्यात निघून आला. पात्यांतून वाराच जाईना, मग प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की जीव वाचवायला स्वतःच हळू चालतो. मालक म्हणत होते, व्हायरस आलाय.

दुसरी डबी उद्यमबागेतली, म्हणजे तिथल्याच कारखान्यांच्या वसाहतीतली. हिच्याखालून लोहचुंबक फिरवतो, पुढच्या रांगेने बघा, कशी काटे काढून उभी राहते. फाउंड्रीतला कीस आहे हा. कापसाने मशीन तापते; हा वीज वाहतो. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, दोन पिनांच्या मधे साचला आणि वर पावसाळ्याची ओल लागली की आटोपलेच. निपाणीची तंबाखूची धूळ मुद्दाम आणली नाही, नाहीतर व्याख्यान शिंकांतच गेले असते.

आता ही धूळ आत शिरते कुठून? आपल्याकडच्या साध्या कॅबिनेटला, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो त्या पेटीला, मागे एक पंखा असतो. तो हवा बाहेर फेकतो. पॉवर सप्लायचा पंखाही बाहेरच फेकतो. पुढे काहीच नाही. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत यायलाच हवी, आणि ती वाट मिळेल तिथून येते: यूएसबीच्या भोकातून, सीडी ड्राइव्हच्या कडेने, मागची एखादी पत्र्याची पट्टी हरवलेली असली तर तिथून. जुनी पेटी उघडा, नेमक्या त्या फटींच्या काठाला काळ्या रेघा दिसतील.

म्हणून गणित उलटे करायचे. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत फुंकणारे, त्यांच्यापुढे बारीक जाळी, आणि मागे एकच बाहेर काढणारा. आत दाब किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेर ढकलली जाते. एकास एक पंखा ठेवून भागत नाही, कारण जाळीही वारा अडवते. हरवलेल्या पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली तरी चालेल. पेटी जमिनीवर नको, निदान फूटभर वर ठेवा. झाडू मारला की पहिला मान तिचाच असतो. आणि हो, खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू पुढच्या जाळीवर उधळू नका. दसऱ्यानंतर माझ्याकडे येणारी मशीन आतून केशरी असतात.

जाळी धुवायची किती दिवसांनी? वडगावात चौथ्या दिवशी, शहरातल्या घरात महिन्याने. पावसाळ्यात मात्र पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

आतली सफाई करताना मी केलेली चूक सांगतो. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाचे मशीन पंक्चरच्या दुकानात नेऊन कंप्रेसरने फुंकले. पंखा भिंगरीसारखा सुटला, एक पाते उडाले. नळीतून हवेबरोबर पाणीही आले. नवा पंखा माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून छोटा ब्लोअर वापरतो, पंखा बोटाने धरून ठेवतो आणि पेटी अंगणात नेतो. घरातच फुंकली तर तीच धूळ संध्याकाळपर्यंत परत आत. पॉवर सप्लाय बाहेरूनच फुंका, उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ शिल्लक राहू शकतात.

मघाशी कुणीतरी विचारले, आपल्या मशीनची हवा आत जाते की बाहेर, हे कळणार कसे? देव्हाऱ्यातली उदबत्ती घ्या. मशीन चालू ठेवून एकेका फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर ती धुळीची वाट. धूर बाहेर ढकलला गेला तर ठीक. राख तेवढी आत पडू देऊ नका.

हे टेबलावरचे मशीन मी मुद्दाम न दुरुस्त करता आणलेय. चालू करतो. काडेपेटी कुणाकडे आहे?