पाळी पुढे ढकलताना आत काय घडतं

(दृश्य : तुळशीबाग. गौरींचे मुखवटे, दागिन्यांची दुकानं, दुपारची गर्दी.)

गौरी आवाहनाला चार-पाच दिवस उरलेत. मुखवटे उजळून झाले, साड्या ठरल्या. आता काठाला शोभेल अशी ठुशी, बाजूबंद, हातभर बांगड्या. यातल्याच काही जणी पिशव्या सावरत कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे थांबतात आणि आवाज उतरवून मागतात, "पाळी पुढे ढकलायची गोळी आहे ना?"

(दृश्य : केमिस्टचं काउंटर. फक्त हात, पैसे, गोळ्यांची पट्टी.)

पट्टी कागदाच्या पुडीत जाते. चिठ्ठी कुणी मागत नाही. गौरी, लग्नकार्य, कुलदैवताची यात्रा, कारण कुठलंही असो, गोळी बहुधा एकच : नॉरएथिस्टेरॉन. घ्यायची की नाही, हे जिचं तिने ठरवावं. पण पोटात जाऊन ती काय करते, हे तिला माहीत असायलाच हवं.

(दृश्य : सोनोग्राफीची खोली. पडद्यावर राखाडी आकृती.)

हे गर्भाशय. मधोमध दिसते ती रेघ म्हणजे त्याचं आतलं अस्तर. पाळी नुकतीच संपली आहे, त्यामुळे रेघ बारीक आहे. डॉक्टर पडद्यावर दोन फुल्या टाकून जाडी मोजतात. या दिवसांत ती साधारण 2 ते 4 मिलिमीटर भरते.

आता मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला एफएसएच हे संप्रेरक (हार्मोन) पाठवते. अंडाशयात एक पुटिका, म्हणजे बीज सांभाळणारी इवली पिशवी, वाढू लागते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक रक्तात उतरतं. इस्ट्रोजेन पोचलं की अस्तर वाढतं.

(दृश्य : तोच पडदा, काही दिवसांनंतर.)

पाळीचा बारावा-तेरावा दिवस. एका रेघेच्या जागी तीन स्पष्ट रेघा आहेत, बाहेर दोन आणि मध्ये एक. जाडी बहुतेकींमध्ये 8 मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. इस्ट्रोजेनने आणखी एक काम करून ठेवलंय, जे या पडद्यावर दिसत नाही. पुढे येणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा निरोप झेलणारी प्रथिनं त्याने अस्तराच्या पेशींमध्ये तयार ठेवली आहेत. ती नसतील तर प्रोजेस्टेरॉन येऊनही उपयोग नाही.

मग पीयूषिकेचंच एलएच हे संप्रेरक एकदम उसळतं, पुटिका फुटते, बीज बाहेर पडतं. रिकाम्या पुटिकेचं पीतपिंड होतं आणि तिथून प्रोजेस्टेरॉन सुटतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे सगळं आहे. बहुतेकींनी मार्कांपुरतं पाठ केलं आणि बोर्डाच्या पेपरबरोबर सोडून दिलं. तो धडा आपल्याच पोटातला आहे, असं वर्गात कुणी म्हटलंच नाही.

(दृश्य : टिळक रोडवरची पॅथॉलॉजी लॅब. मेणाचा ठोकळा, मायक्रोटोम.)

अस्तराचा हा इवलासा तुकडा मेणात बसवलाय. मायक्रोटोमचं चाक फिरतं आणि पात्यावरून मेणाची फीत सुटते, जेमतेम 4-5 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीची. तंत्रज्ञ ब्रशने ती अलगद उचलून कोमट पाण्यावर सोडतात. सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून उचलायची. पुढे दोन रंग : पेशींची केंद्रकं जांभळी, बाकीचं गुलाबी.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून.)

ही बीज सुटण्याआधीची काच. ग्रंथी सरळ, अरुंद नळ्यांच्या. आणि ही नंतरच्या तिसऱ्या दिवसाची. प्रत्येक केंद्रकाच्या खाली एक पांढरी मोकळी जागा, सगळ्या एका ओळीत. तिथे पेशीने ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ठेवलेला होता. आणखी काही दिवसांनी ग्रंथींच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या होतात, पोकळीत स्राव भरतो, रक्तवाहिन्या वेटोळी घेतात. प्रोजेस्टेरॉनने वाढ थांबवली आहे आणि गर्भ रुजण्याची तयारी चालवली आहे.

गर्भ आला नाही, तर पीतपिंड साधारण 14 दिवसांत विरतं. प्रोजेस्टेरॉन घसरतं.

(दृश्य : रेखाचित्रं, एकामागून एक.)

पुढचं प्रत्यक्ष पाहिलं ते मार्की नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने. माकडिणींच्या गर्भाशयातल्या अस्तराचे तुकडे त्यांच्याच डोळ्यांत रुजवून, पारदर्शक बुबुळातून तो पाळी बघत बसला. 1940 साली त्याने लिहून ठेवलं : आधी अस्तर आकसतं, वेटोळी घट्ट होतात, वाहिन्या आवळतात, तुकडा फिका पडतो. मग वाहिन्या सैलावतात आणि रक्त येतं. आज त्यात प्रोस्टाग्लँडिन या अस्तरातच तयार होणाऱ्या रसायनाचा हात असल्याचं माहीत आहे. ओटीपोटातल्या कळाही त्याच्याच. वरचा थर गळतो, तळाचा राहतो आणि त्याच्यातूनच अस्तर पुन्हा उभं राहतं, मागे व्रण न ठेवता.

(दृश्य : गोळ्यांची पट्टी, जवळून.)

ही गोळी प्रोजेस्टेरॉनचं काम करणारी आहे. म्हणूनच डॉक्टर ती पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायला सांगतात. शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरत असताना बाहेरून त्याची जागा भरली जाते, वाहिन्या आवळत नाहीत, अस्तर टिकून राहतं. गोळी थांबवली की बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते.

(दृश्य : दवाखाना. टेबलावर केसपेपर.)

डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतात. पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती का? यकृताचा आजार? स्तनाचा कर्करोग? दिवस गेले असण्याची शक्यता? काउंटरवर यातलं काहीच विचारलं गेलं नव्हतं.

आणि पाळी मुळातच तीन-चार महिन्यांनी येत असेल, तर गोळीआधी तपासणी. बीज सुटत नसेल तर पीतपिंड नाही, प्रोजेस्टेरॉन नाही. एकटं इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं, तर त्यातून कर्करोगही होऊ शकतो.