प्रालँ दांपत्य आणि घटस्फोट नसलेला फ्रान्स

मित्रहो, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच सरदारघराण्यांची भानगड निघाली की गप्पा लगेच मेजवान्या आणि प्रेमपत्रांवर जातात. मी मात्र कायद्यापासून सुरुवात करतो. क्रांतीने 1792 मध्ये दिलेला घटस्फोट राजेशाहीने 1816 मध्ये रद्द केला. नेपोलियनच्या संहितेप्रमाणे बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं आणि लग्न टिकून असेपर्यंत मुलांवर हक्क एकट्या बापाचा. कोर्टाकडून वेगळं राहण्याची मुभा मिळे. दुसरं लग्न मात्र नाही.

या चौकटीत 1824 मध्ये फॅनी सेबास्तियानीचं लग्न झालं. वडील कॉर्सिकाचे, नेपोलियनच्या सैन्यात वर चढलेले सेनापती, पुढे परराष्ट्रमंत्री आणि मार्शल. जावई श्वाझल-प्रालँ या जुन्या सरदारघराण्यातला. नव्या सत्तेची जुन्या नावाशी सोयरीक झाली. वधू 17 वर्षांची, वर 19 वर्षांचा. मुलं दहा झाली. व्हो-ल-व्हिकोंतचा भव्य वाडा याच घराण्याकडे होता. बाहेरून कुणाला काय कमी दिसणार?

आत मात्र फॅनी त्याच घरात राहणाऱ्या नवऱ्याला पत्रं लिहीत होती. मुलांचं सगळं आंरिएत देल्युझी या शिक्षिकेच्या हाती गेलं होतं. आई घरातच परकी झाली होती, आणि ती पत्रं वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. अखेर फॅनीने वेगळं होण्याची धमकी दिल्यावर 1847 च्या उन्हाळ्यात शिक्षिकेला काढलं गेलं. नवी नोकरी मिळवायला तिला डचेसचंच, म्हणजे फॅनीचंच, शिफारसपत्र हवं होतं.

18 ऑगस्ट 1847 च्या पहाटे पॅरिसमधल्या फोबूर सँतोनोरे रस्त्यावरच्या घरात फॅनीच्या खोलीतली घंटा वाजली. नोकर धावले. ती रक्ताच्या थारोळ्यात पडली होती, थोड्याच वेळात गेली. संशय थेट ड्यूकवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर. पण तो 'पेअर', म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा सदस्य. त्याचा न्याय ते सभागृहच करू शकत होतं. या दिरंगाईत त्याने आर्सेनिक घेतलं आणि 24 ऑगस्टला, खटला उभा राहण्याआधीच, तो मेला.

लोकांचा विश्वास बसला नाही. सरकारनेच त्याला गुपचूप परदेशी पाठवलं, असं बोललं जाऊ लागलं. त्याच उन्हाळ्यात माजी मंत्री तेस्त लाचखोरीत दोषी ठरला होता. दरबारी मंडळींना कायदा लागू नाही, हा समज पक्का झाला आणि फेब्रुवारी 1848 मध्ये राजा लुई-फिलीपचं राज्य कोसळलं. एका खुनाने राज्य पडत नाही. दुष्काळ, बेकारी, मताधिकाराची मागणी ही कारणं मोठी. तरी या प्रकरणाने त्या वर्गाची उरलीसुरली पत घालवली, असं मला वाटतं.

शिक्षिकेला तुरुंगात ठेवून चौकशी झाली, मग सोडलं. ती अमेरिकेत गेली, तिथे एका धर्मोपदेशकाशी तिने लग्न केलं. फ्रान्समध्ये घटस्फोट 1884 मध्ये परत आला, तोही दोष सिद्ध करता आला तरच. परस्परसंमतीने वेगळं होण्याची वाट 1975 मध्ये उघडली.